मंदाताई आणि पिशवीचे टाके

सिझेरियन चालू असताना आम्ही सगळे पोटाकडे बघत असू. मंदाताई सिस्टर मात्र उशाशी उभ्या राहून बाईच्या तोंडाकडे बघत. भूल कमरेखालीच, बाई जागी असायची. ओतूरला मोठ्या डॉक्टर मॅडमच्या छोट्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांची तिथं वीस वर्षं झाली होती. माहेर डिंगोऱ्याचं, घरी मेंढरं. "मेंढी व्याया लागली तरी मी तिच्या तोंडाकडंच बघायची," त्या सांगत. "कळ तिथं दिसती."

बाळ निघालं की मी गर्भपिशवी पोटाबाहेर काढून शिवत असे. तसंच शिकले होते. टाके डोळ्यांसमोर नीट पडतात. पहिल्याच आठवड्यात चहा पिताना त्या म्हणाल्या, "मॅडम, राग नका मानू. तुमी पिशवी भाईर काढली की पोरी लई वकत्यात. मोठ्या मॅडम आतच शिवत्यात, तवा एवढं व्हत न्हाई."

"तुम्हाला कसं कळलं?" मी फणकाऱ्यानेच विचारलं.

"भांडं माज्याच हातात असतंय की!"

मला हसू फुटलं. पुढे मीही आतच शिवू लागले. आधी अवघड गेलं, मग हात बसला. मंदाताई रिकामं भांडं मला दाखवून खुदकन हसत.

मग निमगाव साव्याची सुरेखा आली. बाळ मोठं होतं. काढताना पिशवीची चीर बाजूला फाटत गेली. रक्त भरत होतं, फाटल्याचं टोक सापडेना. तरी मी आतच टाका घालू पाहत होते. मंदाताईंच्या देखत माघार घ्यायची लाज वाटत होती.

"मॅडम, पोरीचे व्हट पांढरे पडत्यात. काढा भाईर!"

"पण तुम्हीच तर..."

"ते बाकीच्यांचं झालं. आता ही पोर बघा!"

पिशवी बाहेर घेतली. टोक दिसलं, टाका बसला, रक्त थांबलं. सुरेखा भडाभडा ओकली. तिचं तोंड पुसत मंदाताई म्हणाल्या, "वक बाई, पोटभर वक. आज चालतंय!" सगळं थिएटर हसलं.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला सुरेखा लेकीला घेऊन आली होती. मी मंदाताईंना छेडलं, "आता जाता जाता सांगा, आत शिवलेलं बरं की बाहेर?"

"मला कशाला? हिला इचारा."

सुरेखा लाजली. "मला त्यातलं काय ठावं, मॅडम? ताईंनी हात धरला व्हता, तेवढंच ध्यानात हाय."