माझे टिकी मग आणि संक्रांतीचं वाण

सर्व संबंधितांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आयर्लंडमधील एका मराठी माणसाने सहा वर्षं खपून जमवलेला टिकी मगांचा संग्रह संक्रांतीच्या हळदीकुंकवात कामी आला.

टिकी मग म्हणजे काय, ते सांगतो. सत्तरएक वर्षांपूर्वी अमेरिकेत दक्षिण समुद्रातल्या बेटांचं वेड पसरलं होतं. ती बेटं न बघताच लोकांनी बांबूचे बार थाटले आणि तिथल्या देवांचे म्हणून मनाला येतील तसे चेहरे असलेल्या चिनीमातीच्या मगांतून रम ढोसली. असा एक मग मला क्लोनडॉकिनला, जुन्या वस्तूंच्या दुकानात, गाईच्या आकाराच्या दुधाच्या भांड्यामागे सापडला. अमेरिकेहून परतलेल्या कुणा आयरिश मावशीने आणला असावा. मी जागीच गारद!

बघता बघता दहा झाले. त्यात रडक्या तोंडाच्या चार भावांच्या सेटमधले तिघे होते. चौथा कासलबार गावी असल्याचं कळलं, तेव्हा मी आमच्या ल्यूकनहून अख्खा देश ओलांडून तो घेऊन आलो. रविवार होता. घरात हळदीकुंकू आहे, हे मी साफ विसरलो होतो.

दारातून बायका बाहेर पडत होत्या. प्रत्येकीच्या हातात माझा एकेक मग, त्यात तिळाचे लाडू!

वाणाच्या वाट्यांचं पुण्याहून निघालेलं पार्सल कस्टममध्ये अडकलं होतं. तीन महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईने शेवटी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं होतं.

"आई, अगं ते माझे..."

"धूळ खात पडले होते रे. दहाच निघाले. बायका अकरा."

बायको कुजबुजली, "मला वाटलं, तूच काढून दिलेस."

दिलेलं वाण परत मागता येत नाही, एवढं मलाही कळतं. उरला फक्त कासलबारचा. तो मी पाठीमागे लपवला.

"हातात काय आहे तुझ्या?" आईने विचारलं.

"कुठे काय?"

अकराव्या वहिनी संकोचून म्हणाल्या, "राहू दे हो काकू, इट्स ग्रँड."

"ग्रँड कसलं? सवाष्ण रिकाम्या हाताने जाते होय? दे रे तो."

दिला. आईने त्यात लाडू भरले. वहिनींनी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, नंतर माझ्या, आणि भर दारात त्यांच्या तोंडून निसटलं,

"अय्या, हाही रडतोय!"