मगर मोकळी होती त्या दिवशी

आमच्या सोसायटीत बातमी कळायला पेपर लागत नसे. पेपर उघडायचा तो कोण गेलं आणि त्याचं बेसणं, म्हणजे शोकसभा, कुठे, कधी, एवढं बघायला. बाकी सगळं सोसायटीच्या मंत्र्यांकडून कळायचं. बडोद्यात सोसायटीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात आणि आमचे मंत्री त्या पदवीला अगदी जागून होते. गणपतीत मंडप उभा राहिला, स्पीकर लागला, की त्यांच्या हातातला माईक सुटायचा नाही. पाण्याचा टँकर आला, अमक्याची स्कूटर वाटेत आहे, आरती साडेसातला, प्रसाद आज समोरच्या लाइनीकडून. अर्धं गुजरातीत, अर्धं मराठीत. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, श्वास तरी घ्या!" पण ऐकायची मात्र सगळं.

त्या वर्षी गणपती बसले आणि विश्वामित्रीला पूर आला. ही नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. आम्हाला हसू येत नाही. आजव्याच्या धरणाचं पाणी सोडलं की बडोदेकर एकमेकांना केम छो विचारायच्या आधी लेव्हल किती झाली ते विचारतात. पाणी आमच्या ओट्याला लागून परत गेलं. मागे चिखल राहिला, कुजका वास राहिला, मागच्या कंपाउंडची भिंत पडलेली राहिली आणि एक मगर राहिली.

ती दिसली एकदाच, पडलेल्या भिंतीपाशी, पहाटे दूध आणायला निघालेल्या एका गृहस्थांना. त्यांनी दोन्ही हात पसरून लांबी दाखवली. दुपारपर्यंत त्या हातांची लांबी सोसायटीभर वाढत गेली. फॉरेस्टची माणसं आली, दोर आणि ओली पोती घेऊन झुडपं ढवळून गेली, पुन्हा येतो म्हणाली. मग मंत्र्यांचं सुरू झालं: "मगर अजून पकडलेली नाही. मुलांना बाहेर सोडू नका. मागच्या बाजूला कोणीही जाऊ नये." दर थोड्या वेळाने तेच. मी मुळातच घाबरट. मोरीत शिरतानासुद्धा मी आधी बादली आपटून बघत होते.

आणि माझी खरी धास्ती निराळीच होती. माझे सासरे विसरायला लागले होते.

चष्मा विसरणं, किल्ली विसरणं, तसलं नव्हे. जेवण झाल्यावर पुन्हा ताटावर येऊन बसायचे. मला कधी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे. सगळा जन्म सरकारी कचेरीत गेलेला. ज्याचा शब्द खालीवर होत नसे असा माणूस, आणि आता वाक्य अर्ध्यावर सोडून भिंतीकडे बघत राहायचा. घरात सगळ्यांना कळत होतं. बाहेर मात्र सासूबाईंचा हुकूम होता: "ऐकायला कमी येतं, असं सांगायचं. कान जाणं वेगळं, डोकं जाणं वेगळं. चार लोकांत अब्रू आहे त्यांची."

त्यामुळे अख्खी सोसायटी त्यांच्या कानाशी ओरडायची. त्यांचे कान माझ्यापेक्षा तल्लख होते! बिचारे दचकायचे, मग हसून हात जोडायचे. समोरच्या बेन तर रस्त्यापलीकडूनच "जय श्रीकृष्ण, दादाऽऽ!" अशी आरोळी ठोकायच्या. मला सासूबाईंचा असा संताप यायचा, काय सांगू. पण सुनेने बोलायचं किती?

तर त्या सकाळी मी गाळ खरवडत होते. सासूबाई देवाशी बसल्या होत्या. नवरा कारखान्यात अडकलेला. पुरामुळे पुढच्या पाळीची माणसं पोचलीच नव्हती आणि फोन मुका होता. मी हात धुऊन चहाचा कप घेऊन बाहेरच्या खोलीत गेले, तर आरामखुर्ची रिकामी. संडासात नाहीत. गच्चीवर नाहीत. पुढचं फाटक उघडं. खुंटीवरची काळी टोपी गेलेली.

त्याच क्षणी स्पीकरवर मंत्री म्हणाले, "मगर अजून पकडलेली नाही."

सासूबाईंना सांगितलं. त्या जागच्या उठल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "गाजावाजा नको. येतील." मी म्हटलं, "अहो, येतील कसे? घर कोणतं ते आठवायला नको?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कप ठेवून त्यांच्यामागे बाहेर पडले.

मग आमचा तो शोध. शोध म्हणायची लाज वाटते. मी चेहऱ्यावर हसू चिकटवून एकेका दारात डोकवायची आणि "सहज आले" म्हणून आत नजर फिरवून पुढे जायची. मंडपाशी मंत्र्यांनी हटकलं, "दादा दिसले नाहीत आज?" माझ्या आधी सासूबाईच म्हणाल्या, "देवळात गेलेत." देऊळ तेव्हा गुडघाभर चिखलात होतं!

शेवटी मी एकटी मागे गेले. पडलेल्या भिंतीपाशी. जिथे जाऊ नका म्हणून घसा फोडला जात होता, तिथेच. चिखलात एक चप्पल रुतलेली होती, तपकिरी, पुरुषाची. त्यांची? त्यांचीही तपकिरीच. पण पुराने अर्ध्या गावाच्या चपला आणून आमच्या मागे टाकल्या होत्या. जरा पलीकडे तशीच आणखी एक होती, आणि एक बाईची, आणि एक बाळाचा बूट. मी काठीने ती चप्पल उलटी केली. नुसता गाळ. कशावरून ओळखू? इतकी वर्षं त्यांच्या चपला दारातून आत उचलून ठेवत आले आणि आता एक ओळखता येईना. झुडपात काहीतरी सळसळलं. बेडूक असेल, घूस असेल. मी जी पळाले ती थेट मंडपात.

"माईक द्या."

मंत्री म्हणाले, "आरतीचं सांगायचंय का भाभी? मीच सांगतो ना."

"द्या इकडे!" मी तो ओढूनच घेतला. मला माईकवर बोलायची सवय नाही. आवाज स्वतःलाच परका वाटला. मी म्हटलं, "माझे सासरे घरातून निघून गेलेत. धोतर, कोट, काळी टोपी. त्यांना ऐकायला छान येतं. त्यांना आठवत नाही. घर आठवत नाही, माणसं आठवत नाहीत. कोणी पाहिलं असेल तर कृपा करून सांगा." मग तेच मोडक्यातोडक्या गुजरातीत. बोलता बोलता मला रडू कोसळलं आणि तेसुद्धा स्पीकरवरून साऱ्या सोसायटीने ऐकलं. सासूबाई आमच्या फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्या आत गेल्या. संपलं, म्हटलं, आता ह्या जन्मात बोलणार नाहीत माझ्याशी.

मग दारं उघडायला लागली. मुलांना कोंडून बसलेली माणसं काठ्या घेऊन बाहेर आली. आणि समोरच्या बेन पिठाच्या हातांनी धावत आल्या. अर्ध्या गुजरातीत म्हणाल्या, सकाळी दादांनी मला विचारलं, कचेरीची बस गेली का? मला वाटलं थट्टा करतात. रिटायर झालेला माणूस! मी आपली जोरात ओरडले, ‘गई, दादा, गई!’ तर ते म्हणाले, मग चालतच गेलं पाहिजे, उशीर होईल. "मने शी खबर, भाभी? तुम्हीच सांगितलेलं ना, बहिरे म्हणून?"



मंत्र्यांनी आधीच स्कूटरला किक मारली होती. मी मागे बसले, चिखलाने भरलेली, पायात काही नाही. पूल नुकताच खुला झाला होता. खाली पाणी अजून मातकट, फुगलेलं, आणि कठड्याला माणसांची गर्दी. काहीतरी बघत होती सगळी खाली वाकून. मंत्री म्हणाले, "भाभी, तिकडे बघू नका." म्हणजे तेही घाबरलेत, हे मला तेव्हा कळलं. मी डोळे मिटून घेतले आणि घरच्या गणपतीला विनवत राहिले. नवस बोलायचंही सुचलं नाही. नुसतं "नको रे, नको रे" चाललं होतं.

कचेरीला पुरामुळे सुट्टी होती. फाटकाला कुलूप. आणि फाटकाबाहेर चहाच्या लारीच्या, म्हणजे हातगाडीच्या, बाकड्यावर ते बसले होते, ताठ, गुडघ्यावर हात ठेवून, कोटाची सगळी बटणं लावलेली. धोतर मांडीपर्यंत भिजलेलं. दोन्ही चपला पायात. हातात चहाचा पेला, लारीवाल्याने दिलेला.

मी स्कूटर थांबायच्या आधीच उतरले, ठेचकाळले, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. वाटलं होतं, सापडले की आधी चांगली खरडपट्टी काढीन. माझ्या तोंडून एकच निघालं: "अहो, असं न सांगता जायचं का?"

त्यांनी मान वर केली. माझे केस, चिखल, अनवाणी पाय सगळं पाहिलं. मग बाकावर सरकून माझ्यासाठी जागा केली. ते परक्या बाईशी बोलायचे तसे, हळू आणि अदबीने बोलले. "बसा बाई. दमलेल्या दिसता." मी बसले. ते थोडे माझ्याकडे कलले, मंत्र्यांना ऐकू जाऊ नये इतक्या बेताने, आणि म्हणाले, "एक विनंती आहे. मला परतीची वाट सापडत नाहीये. तुम्ही घरी पोचवा हवं तर. पण आमच्या सूनबाईला ह्यातलं काही सांगू नका. ती फार काळजी करते."