बँजोवरची शाई

उचगावात तबला-ढोलकी मढवावी तर शमशुद्दीनचाचांनीच, असं गावच सांगायचं. हात सोन्याचा, पण माणूस हट्टी. कातडं ताणून झालं की मधोमध काळी शाई चढणारच, दगडानं घासून घासून, आरशासारखी. त्याशिवाय वाद्य दुकानाबाहेर पडत नसे.

गगनबावड्याच्या विजयसिंहांनी आपला जुना अमेरिकन बँजो आणून दिला, तेव्हाही तेच झालं. विजयसिंह जहाजावर नोकरीला असताना हे चार तारांचं वाद्य तिकडून घेऊन आले होते. आता कातडं फाटलं होतं आणि त्यांची बोटंही चालत नव्हती. मढवा आणि वाजवणाऱ्यालाच विका, एवढंच त्यांचं मागणं. चाचांनी शब्द दिला, बकऱ्याचं झकास कातडं चढवलं आणि वर शाई.

विकायचा म्हणून फोनवर फोटो टाकला. गिऱ्हाइकं यायची, तार छेडायची आणि चहा पिऊन जायची. आवाज बद्द निघायचा. अमेरिकेत असाच आवडत असेल, असं चाचा ठणकावून सांगायचे. शाईचं खूळ सोडा, असं बायको इमामबी बजावत होती, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी राजारामपुरीत गिटार शिकवणारा राजवर्धन आला. त्यानं बँजो मांडीवर घेतला आणि हात बसलेला आहे हे चाचांनी लगेच ओळखलं. पण थोडं वाजवून त्यानं तो खाली ठेवला.

"चाचा, काम देखणं झालंय. पर ह्या शाईनं त्याचा गळा दाबलाय बघा."

चाचांचे कान तापले. त्यांच्या शाईला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. राजवर्धन चपला घालू लागला. इतक्या दिवसांत आलेला खरा वाजवणारा हाच, आणि तोच निघाला होता. चाचांनी त्याला बसायला सांगितलं, सुरी घेतली आणि शाई खरवडायला बसले. जीव तुटत होता, तोंडानं शिव्या चालू होत्या.

मग राजवर्धननं तार छेडली आणि बँजो असा खणखणला, की इमामबी पिठाच्या हातानंच बाहेर आली. एवढा आवाज आपणच कोंडून ठेवला होता याची चाचांना लाज वाटली, पण आनंद त्याहून मोठा होता. खुळ्यासारखे हसत ते ऐकत राहिले.

निरोप द्यायला ते गाडीपर्यंत गेले. बँजो त्याच्या हातात देताना म्हणाले, "पावणं, कातडं फाटलं तर हिकडंच आणायचं. शाई लावणार न्हाय."