खिशातलं टोकन: कोपरखैरणे ते शेलगाव

मागच्या वेळी जासईच्या वाटेचं सांगितलं, तेव्हा बजावलं होतं की निघताना पाण्याची बाटली, सुटे पैसे आणि एक जुना टॉवेल घ्या. किती जणांना आठवतंय? एकालाही नाही. तुम्ही वाचता, "वा आजी" म्हणता, आणि स्टँडवर पोचलात की बाटली घरी ओट्यावर. असू दे. विसरणं ही माणसाची सोय आहे. मला मात्र आजचा प्रवास काही केल्या विसरता आला नाही. मी बोलते, नात लिहून घेते. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका तिच्या आणि टोमणे माझे.

गोष्ट ऐंशी सालानंतरची. दिवाळी नुकतीच झालेली. कोपरखैरण्यातून आम्ही तिघं निघालो: मी, आमचे हे आणि साठे मास्तर. जायचं होतं बीडच्या अलीकडे, शेलगावला, उत्तम गायकवाडांकडे. हातात दोन पिशव्या. एकीत सुक्या बोंबलांचा डबा, उत्तमभाऊजींचा जीव त्यावर. दुसरीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला रेल्वेचा सिग्नल. वीतभर उंचीचा. हसू नका, तुमच्या वाटणीचं मी तेव्हाच हसून घेतलंय.

सिग्नल कुठला ते सांगते. आमची मिठागरं गेली, त्यावर वसाहत आली, आणि ह्यांना रबाळ्याच्या कारखान्यात फिटरची नोकरी लागली. नोकरीबरोबर रविवार आला. मिठागरात रविवार नसतो, त्यामुळे त्याचं काय करतात हे ह्यांना माहीत नव्हतं. शेजारच्या बिल्डिंगमध्ये साठे मास्तर होते, रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर. आणि समोरच्या खोलीत उत्तमभाऊजी, तुर्भ्याच्या एका कंपनीत क्लार्क. या तिघांनी मिळून माझ्या एका खोलीत रेल्वे काढली. सायकलच्या चाकाच्या तारांचे रूळ, तुपाच्या डब्याच्या पत्र्याचे डबे, मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर इंजिनाच्या पोटात, छत्रीच्या काड्यांचा पूल. पुलाखाली निळ्या रंगाने काढलेली आपली खाडी. खऱ्या खाडीवर तेव्हा मोटारींचा पूल होता, रेल्वेचा पत्ता नव्हता. वाशीत पहिली गाडी आली ती माझ्या कॉटच्या उशाशी.

टेबल भलं मोठं, पण रूळ एकच. एका टोकाला वाशी, दुसऱ्या टोकाला कोपरखैरणे, मधे ती खाडी; नकाशात ती तिथे नाही, पण टेबल आमचं. मास्तरांनी खऱ्या रेल्वेचा नियम घरात आणला. पितळेची एक कडी, तिला म्हणायचं टोकन. ज्याच्या हातात टोकन, त्याचीच गाडी निघणार. पलीकडच्या स्टेशनाने सिग्नलचा हात खाली पाडला की गाडी आत घ्यायची, टोकन खुंटीला लावायचं, मगच पुढची गाडी सोडायची. म्हणजे दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत.

"अहो, तुमची गाडीच एक आहे," मी म्हटलं. "टक्कर कोणाशी व्हायची? माझ्या पोळपाटाशी?"

"वहिनी," मास्तर म्हणाले, "नियम गाड्या मोजून नसतो."

पुढे मधे तिसरं स्टेशन करायचं ठरलं. उत्तमभाऊजींनी पिवळी पाटी रंगवून आणली, वर काळी अक्षरं. ती शेलगावची, त्यांच्या गावाची. मास्तर हसले. "गायकवाड, खाडी ओलांडली की मराठवाडा लागतो होय? तुमच्या गावात बैलगाडीसुद्धा वाट विचारत जाते."

आमचे हे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता, खोटं कशाला बोलू.

उत्तमभाऊजी म्हणाले, "मास्तर, वाशीला तरी कुठं गाडी आहे? तुमचं खोटं स्टेशन चालतंय, माझं चालत नाही?"

त्यांनी पाटी टेबलाखाली ठेवली, खुंटीवरचं टोकन काढून शर्टाच्या खिशात टाकलं, "जय भीम" म्हणाले आणि गेले. त्याच महिन्यात त्यांच्या कंपनीला टाळं लागलं. बिऱ्हाड गुंडाळून ते गावी गेले. टोकनासकट.

मग सुरू झाली गंमत. टोकन नाही म्हणून गाडी बंद. मी म्हटलं, पडद्याची कडी देते, लावा खुंटीला. दोघांनी असं पाहिलं, जसं मी कोणाच्या जेवणात विष घालायला सांगितलं. "दोन टोकनं झाली की माणसं मरतात, वहिनी," मास्तर म्हणाले. "गायकवाड सेक्शनमधे, म्हणजे दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर आहेत. ते आत येईपर्यंत लाईन त्यांची."

दोन महिन्यांनी भाऊजींचं कार्ड आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. दोनच ओळी होत्या: टोकन माझ्याजवळ जपून आहे. सिग्नलची वाट पाहतो.

"मग पाडा की सिग्नल," मी म्हटलं. "लिहा, या म्हणून."

"असं नसतं," मास्तर म्हणाले. "सिग्नल पडला नाही तर गाडीनं थांबून शिट्टी मारायची असते. त्यांना शिट्टी मारू दे." म्हणजे काय, तर चूक झाली म्हणू दे. आमच्या ह्यांना वाटायचं, मास्तर रेल्वेचे, त्यांना कळतं. आणि तिकडे भाऊजींना वाटत असणार, कार्ड टाकलं, आता आणखी किती शिट्टी मारू.

दिवाळी ते दिवाळी असं चाललं. दर रविवारी दोघे येऊन टेबलाशी बसत, गाडी पुसत आणि चहा पिऊन उठत. आता माझंही ऐकून घ्या. मला बरं वाटत होतं. खोली मोकळी, किरकिर नाही. त्या वर्षी मी रुळांवर जुनं धोतर पसरून पापड वाळवले. खाडीवर उडदाचे, वाशीवर पोह्याचे.

मग उत्तमभाऊजींच्या तालुक्यातला एक माणूस वसाहतीत ह्यांना भेटला. म्हणाला, गायकवाडांचं छातीचं दुखणं आहे, उठवत नाही. ह्यांनी घरी येऊन स्क्रू काढले आणि सिग्नल टेबलावरून सोडवला. "सकाली जाऊ. त्याच्यासमोर हात पाडायचा."

मास्तर चाचरले. "पण शिट्टी..."

"मास्तर, शिट्टी मारायला छातीत वारा लागतो."

पहिला दिवस. उजाडताच वाशीच्या हायवेवर उभे राहिलो. तेव्हा हात केला की एसटी थांबायची, आता कोणी थांबत नाही, तुम्ही आपलं आधी तिकीट काढून ठेवा. भाडं विचारू नका, तेवढ्यात आज चहासुद्धा येत नाही. खोपोलीला बटाटावडा खाल्ला. गरम खा, गार झाला की तो नुसता बटाटा. घाटात खिडकीशी मास्तरांना बसवलं, पण ते बाहेर बघायलाच तयार नाहीत. हे मांडीवरची पिशवी उघडून दोरा ओढायचे, सिग्नलचा हात पडतो का पाहायचे आणि पुन्हा वर करायचे.

"दोरा तुटेल," मास्तर म्हणाले.

"तुटंना. मासलीच्या जाल्याचा दोरा हाय."

खोपोलीपर्यंत मास्तरांचं म्हणणं होतं की आधी गायकवाडांनी दोन शब्द बोलावेत. लोणावळ्याला म्हणाले, एक शब्द पुरे. पुण्यात गाडी बदलली, तिथं म्हणाले, नुसतं हसले तरी चालेल. शिरूरच्या पुढे त्यांनी खिशातून कागद काढला आणि हलत्या गाडीत मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय ते?

"शेलगाव स्टेशन मंजूर," मास्तर म्हणाले. कान लाल झाले होते त्यांचे. वर्षभरात मी पहिल्यांदा त्यांना चांगला माणूस म्हटलं. मनात.

नगरला मुक्काम. स्टँडसमोरच्या खाणावळीत पिठलं-भाकरी मिळाली, तिखट असं की मास्तरांना रेल्वेचे सगळे नियम आठवले. झोपायला जाताना हे हसत होते. वर्षभर हसलेले नव्हते.

दुसरा दिवस. नगरहून बीडच्या गाडीने फाट्यावर उतरायचं, तिथून दोन तास चालायचं. आता जीप मिळते म्हणे. वाटेत सावली नाही, ज्वारी गुडघ्याएवढी, माती काळी आणि फुटलेली. फाट्यावर टपरीवाल्याला ह्यांनी विचारलं, "शेलगाव ह्याच वाटेनं का?"

"कोणाकडं जायचं?"

"उत्तमराव गायकवाडांकडं. दोस्त हाय आमचा."

त्याने ग्लास धुवायचा थांबवला. "सांगितलं नाही व्हय तुम्हाला कोणी? आज नववा दिवस त्यांचा."

पुढचे दोन तास आम्ही चालत राहिलो. ह्यांच्या पिशवीत सिग्नलचा पत्रा चालताना वाजत होता. तेवढाच आवाज.

कमळवहिनी, म्हणजे भाऊजींची बायको, दारातच बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, गळ्यात पडल्या नाहीत. "आलात व्हय," एवढंच. मग चहा टाकला. चुलीशी बसून, आमच्याकडे पाठ करून बोलत राहिल्या. "लई वाट बघितली त्यांनी. फाट्याकडनं कुणी आल्याचं कळलं की उठून बसायचे. म्हणायचे, सिग्नल पडला की निघायचं. मला वाटायचं तापात बोलत्यात. कार्ड टाकलं होतं ना तुम्हाला?"

"आलं होतं," मी म्हटलं.

"मग?"

मास्तर जमिनीकडे बघत होते. यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा. तुमच्या नवऱ्याने शिट्टी मारली नाही, असं?

ह्यांनी हळूच विचारलं, "वयनी, एक पितलेची कडी व्हती त्याच्याकडं."

"ती? खिशातच असायची. निजताना बी काढायचे नाहीत. म्हणून मातीत नेताना तशीच राहू दिली, खिशात." त्या वळल्या. "कशाची होती हो ती? मला वाटलं, कंपनीच्या कपाटाची असंल. कुणाची अडचण तर नाही झाली ना?"

"नाय," हे म्हणाले. "कोनाची नाय."

मी बोंबलांचा डबा पुढे केला. कमळवहिनींनी झाकण उघडलं, वास घेतला आणि तिथेच, चुलीपुढे, आवाज न करता रडल्या. मग चार बोंबील निखाऱ्यावर टाकले. आम्ही चौघांनी भाकरीबरोबर खाल्ले. दुसरं काय करणार? माणूस मेल्यावर आलेल्या पाहुण्यांनाही भूक लागते, हीच तर बेशरमी.

उतरत्या उन्हात गावाच्या वरच्या अंगाला गेलो, जिथे भाऊजींना माती दिली होती. ह्यांनी टॉवेल सोडला, सिग्नल त्या ढेकळांत रोवला आणि दोरा ओढला. हात खाली पडला. मास्तरांनी कागद काढला, पण वाचता आला नाही, तो त्यांनी सिग्नलच्या बुडाशी दगडाखाली ठेवला. मला माहीत आहे, दुसऱ्या दिवशी एखाद्या शेळीने तो खाल्ला असेल आणि सिग्नलही पाडला असेल. पण त्या क्षणी तो उभा होता, हात खाली करून, आणि येणारं कोणी नव्हतं.

परतीच्या गाडीत, नगर सोडल्यावर, मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, टोकन हरवलं तर रेल्वे थांबत नाही. कागदावर परवानगी लिहून देतात. नोकरीत मी कितीदा दिली. पाच मिनिटांचं काम."

"म्हणजे वर्षभर गाडी चालवता आली असती?"

"हो."

"मग?"

"त्यांनी आधी यावं असं वाटत होतं." मास्तरांचा आवाज इतका बारीक झाला होता की इंजिनाच्या आवाजात मला जवळ सरकावं लागलं. "मी मोठा. मी रेल्वेचा."

हे खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मास्तरांशी ते त्यानंतर फारसे बोललेच नाहीत. दोघं एकाच वसाहतीत राहिले, दूध आणायला एकाच वेळी जात, मान हलवत. मित्र आणायला गेलो होतो, उरलेलाही घालवून आलो.

घरी आल्यावर ह्यांनी टेबलाखालची पिवळी पाटी काढली, पुसली आणि बरोबर मध्यावर, खाडीच्या अलीकडे, खिळ्याने ठोकली. मला वाचता येत नाही, पण ती अक्षरं मी डोळे मिटून बोटाने ओळखीन. गाडी मात्र वाशीलाच उभी राहिली. ह्यांनी कागद लिहिला नाही, दुसरी कडी आणली नाही. पुढे खाडीवर खरी रेल्वे आली, सगळं गाव बघायला लोटलं. हे घरीच बसले. "आपली लाईन मोकली नाय अजून," म्हणाले. हे गेले, मास्तर गेले, टेबल अजून आहे. त्यावर मी पुन्हा पापड घातले नाहीत. घातले असते तरी आता कोणाचं काय बिघडणार होतं.

कमळवहिनी अजून शेलगावातच आहेत. दर वर्षी दिवाळीनंतर मी डबा पाठवत आले. आता गुडघे उठू देत नाहीत, म्हणून तुमच्यातलं कोणी बीडकडे जाणार असेल त्याला सांगते. मिठाई नको, फराळ नको. सुके बोंबील पाठवा, डोकी-शेपट्या काढून, एक दिवस पुन्हा उन्हात तापवून, घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि आधी कार्ड टाकून उत्तराची वाट बघू नका. डबाच पाठवा.