इसोए आजीचं डोंगरातलं मीठ

आमच्या कामिशिओ गावातून समुद्र दिसत नाही, चहूकडे नुसते डोंगर. तरी इसोए आजी जन्मभर मीठच करत आली. घरामागच्या झऱ्याचं खारं पाणी लोखंडी कढईत आटवायचं, फडक्यावर निथळायचं. मी टोफू विकते; त्यावर दुसरं मीठ भुरभुरलं की गिऱ्हाईक लगेच नाक मुरडतं.

जुन्या लोकांनी मिठाचा खडक शोधायला डोंगर पोखरला होता. मिळाले फक्त धोंडे. मग जमिनीचा अभ्यास करणाऱ्या कुरामोची बाई आल्या. त्यांनी सांगितलं, समुद्राचा तळ आपल्या देशाखाली सरकत जातो, पोटात पाणी घेऊन. खोलवर उष्णता आणि दाब वाढला की ते पाणी पिळून निघतं आणि भेगाभेगांतून वर चढतं.

"म्हणजे समुद्रच चालत येतो माझ्याकडे!" आजी म्हणाली. "आणि मी मेलीने त्याला कधी चहासुद्धा विचारला नाही."

वसंतात भूकंप झाला. घरं वाचली, झरा मात्र आटला. आजी रोज त्या कोरड्या दगडांपाशी जाऊन बसायची. नागोयाहून मुलगी फोनवर मागे लागली, "आता तरी इकडे ये. तिथे काय उरलंय?" मी कुरामोची बाईंना गाठलं.

"पाणी खाली अडून राहत नाही," त्या म्हणाल्या. "ही भेग मिटली तर दुसरी शोधेल. पण कुठे, कधी, ते मला नाही सांगता येणार."

असली अर्धवट आशा काय चाटायची? मला भयंकर राग आला.

मुळ्यांच्या दिवसांत आजीने शेवटी सामान बांधलं. मी निरोप द्यायला गेले, तर खालच्या शेतातला गेन्जिरो दारात तणतणत उभा. हातात पिवळा पडलेला मुळा.

"इसोए, काय ओतलंस गं माझ्या शेतात? पाऊस नाही, काही नाही, आणि सगळा चिखल! पाला पार करपला!"

आजीने मुळा घेतला, पुसला न पुसला तोच चावला आणि ढसाढसा रडायला लागली.

"अगं, रडतेस काय? एवढा काही रागावलो नाही मी," गेन्जिरो गडबडला.

"खारट आहे रे! खारट!"

त्यानेही एक तुकडा चावून पाहिला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "लोणचं जमिनीतच मुरलं म्हण की," तो पुटपुटला. मग त्याची नजर बांधलेल्या सामानाकडे गेली.

"मी मुळे वरच्या तुकड्यात लावीन," तो म्हणाला. "तू मुलीला कळव, येत नाही म्हणून."