तनू येईपर्यंत

आमच्या बिल्डिंगला जिना एकच, आणि माझं दार बरोबर पहिल्या वळणावर. वर जाणारा, खाली येणारा, सगळे माझ्यासमोरूनच जातात. मी मुद्दाम बघत नाही हो! पण तांदूळ निवडायला उजेड लागतो आणि आमच्याकडे उजेड फक्त जिन्यातच येतो. मग किस्से साठत जातात, त्याला मी काय करू? आमचे हे म्हणतात, "तुझ्यात सीसीटीव्हीपेक्षा जास्त रेकॉर्डिंग आहे." असू दे. सीसीटीव्ही कुणाला चहा विचारतो का?

त्यातले निम्मे किस्से वरच्या मजल्यावरच्या संगीताचे. ती स्वतःच म्हणाली, "काकू, तुम्ही सांगणारच आहात, तर निदान नीट सांगा." म्हणून नीट सांगते.

संगीता इथे भोसरीतच एका वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या वायरी जोडायच्या कामाला होती. हात इतका साफ की नव्या पोरींना तिच्या शेजारी बसवायचे. मग तिला आवाज ऐकू यायला लागले. समोर कोणी नसताना. आधी काम सुटलं, मग जेवण, मग झोप. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. मला ते नीट म्हणायलाच आठवडा लागला. नवरा सोडून गेला. त्याच्याबद्दल मला बरंच माहीत आहे, पण तिनं सांगू नका म्हटलंय. सहा वर्षांच्या तनूला, म्हणजे तिच्या मुलीला, भाऊ दत्ता लातूरकडे गावी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "बरी झालीस की बघू."

संगीता दवाखान्यातून परत आली तेव्हा खोलीत एक गादी होती, एक शेगडी होती, आणि दाराच्या चौकटीवर तनूची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा होत्या. बस्स.

*

तिच्यामागोमाग स्कूटीवरून दीपालीताई आली. मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थेची मुलगी, वय अठ्ठावीस, पाठीला सॅक. म्हणाली, "डॉक्टर औषध देतील. बाकीचं आपण इथे, घराजवळ करायचं. संगीताताईंना काय हवंय ते ठरवू, आणि कोण काय करेल तेही."

लगेच आम्ही ठरवायला लागलो! आम्ही म्हणजे मी, समोरच्या रंजना वहिनी आणि घरमालक तात्या. तात्या मूळचे भोसरी गावातलेच, आवाज असा की खालच्या मजल्यावरून बोलले तरी वरची भांडी वाजतात.

"तिला शिवणक्लास लावा," रंजना वहिनी म्हणाल्या.

"दोन वेळ पोटभर जेवली की माणूस सुधारतं," मी.

"मोकळी हवा पायजे. आमच्या मळ्यात येऊन बसू द्या," तात्या.

दीपालीनं सगळं ऐकून घेतलं आणि एक अक्षर लिहिलं नाही. मग संगीताकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्हाला?"

मग संगीता म्हणाली, "माझी तनू."

आम्ही तिघंही फरशीकडे बघायला लागलो. दीपालीनं मात्र ते लिहिलं. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. आणि विचारलं, "आणि तनू येईपर्यंत?"

"तोवर माझ्यासमोर कुजबुजू नका. मला वाटतं, ते आवाज परत आले!"

तेव्हा कळलं की आम्ही तिला जपायचं म्हणून हळू बोलत होतो आणि ती बिचारी दर वेळी दचकत होती. त्या दिवसापासून सगळ्यात उपयोगी माणूस कोण ठरला? तात्या! रोज सकाळी खालून हाक, "ए संगीताऽऽ, उठली का गं?" आणि वरून उत्तर, "उठले, तात्या! अख्खी भोसरी उठली!"

*

आता माझ्या चुकीचा किस्सा. जेवणाचं मी मनावर घेतलं होतं. मी डबा पाठवला, रंजना वहिनींनी पाठवला, मग तिसऱ्या मजल्यावरून आला, शेजारच्या बिल्डिंगमधून आला. पाच-सहा दिवस आम्ही नुसते डबे पोचवत होतो आणि एकमेकींकडे बघून खूश होत होतो.

एका सकाळी माझा डबा परत आला. जड होता. उघडून बघते तर आत कपडे वाळत घालायचे चिमटे!

रंजना वहिनींच्या डब्यात एक लिंबू. तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या डब्यात दोन बटाटे.

मी तशीच वर गेले. संगीता घामाघूम होऊन ओट्याजवळ उभी, समोर अजून दोन रिकामे डबे. म्हणाली, "काकू, साखर संपली, तांदूळ संपले, आता काय घालू? दुसऱ्याचा डबा रिकामा कसा परत करायचा?"

आमच्या मदतीनं ती पोर रात्रंदिवस डबे भरायच्या काळजीत!

दीपालीला सांगितलं तर ती हसली नाही. तिनं संगीताला परत तोच प्रश्न विचारला, "तुम्हाला कसं हवंय?" संगीता म्हणाली, "डबा नको. बुधवारी कुणीतरी येऊन माझ्याबरोबर पोळ्या लाटा. मी भाजी करते. सवय राहायला पाहिजे. तनूला शाळेत डबा लागेल ना."

तेव्हापासून बुधवार माझा. भाजी तिखट करते, पण मी बोलत नाही. म्हणजे, एकदाच बोलले.

*

गोळीचं काम मी स्वतःहून घेतलं होतं. रोज नऊ वाजता जिन्यात उभी राहून विचारायची, "संगीताऽऽ, गोळी घेतलीस का गं?" माझाही आवाज काही कमी नाही. मागच्या खोल्यांतली कंपनीची पोरं पहिल्या शिफ्टला गेलेली असायची, पण सेकंड शिफ्टची ऐकायचीच.

महिनाभर तिनं "हो काकू" म्हटलं. मग एक दिवस वरून दुप्पट आवाजात आलं, "घेतलीऽऽ! तुम्ही बीपीची घेतली काऽऽ?"

मागच्या खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. आणि खरं सांगू, मी तीन दिवस घेतली नव्हती.

आता आम्ही दोघी नऊ वाजता जिन्याच्या पायरीवर पाण्याचे ग्लास घेऊन बसतो. एक, दोन, तीन म्हणून बरोबरच गिळतो. तिनं मला एकदाही चुकू दिलेलं नाही.

*

रविवारी गावाकडून व्हिडिओ कॉल यायचा. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी संगीता सकाळपासून केस धुऊन, पावडर लावून बसायची.

"तनू, जेवलीस?"

"हो."

"शाळेत काय शिकवलं?"

"काही नाही."

मग बोलायचं संपायचं. संगीता फोन उचलून घर दाखवायची. "हा बघ ओटा. हा बघ तुझा कोनाडा, रिकामाच ठेवलाय. या बघ काकू!" मी हात हलवायची. तनू मामीकडे बघायची. कॉल बंद झाला की संगीता फोन पुसून ठेवायची, अगदी काचेवर बोटाचा डाग राहू नये असा.

एकदा आम्ही पिंपरी कॅम्पात गेलो होतो. तिला फ्रॉक घ्यायचा होता. दुकानदार म्हणाला, "मुलगी केवढी?" तिनं हात वर धरला, थोडा खाली आणला, परत वर नेला. म्हणाली, "काकू, नऊ वर्षांची पोर केवढी असते हो?"

तिच्याकडे माप होतं ते चौकटीवरचं. तीन वर्षांपूर्वीचं, सहा वर्षांच्या तनूचं.

मग काय केलं असेल हिनं? रस्त्यावरून आईबरोबर चाललेल्या एका मुलीला थांबवलं! "बाळा, कितवीत आहेस? चौथीत? जरा उभी राहतेस?" त्या पोरीच्या पाठीला फ्रॉक लावून बघितला. मला भीती की आता तिची आई भांडते. पण ती बाई फ्रॉकाची बाही सरळ करत म्हणाली, "एक साइज मोठाच घ्या ताई. पोरी भराभर वाढतात."

संगीता म्हणाली, "हो ना. दिसतसुद्धा नाहीत वाढताना."

*

एक वाईट दिवसही सांगायला हवा. नाहीतर तुम्हाला वाटेल, सगळं चढत्या जिन्यासारखं सरळ झालं.

दिवाळीला तनू यायची ठरली होती. त्याआधी पंधरा दिवस संगीताची झोप उडाली. एका दुपारी बघते तर तिनं मोरीतल्या नळाला फडकी गुंडाळून गाठी मारलेल्या. डोळे लाल. म्हणाली, "तो बोलतोय."

अशा वेळी काय करायचं हे तिनंच बरी असताना लिहवून घेतलं होतं: गर्दी करू नका, दार लोटू नका, दीपालीला फोन, आणि तात्यांना बोलवा. तात्याच का, ते लिहिलं नव्हतं.

तात्या आले. संगीतानं विचारलं, "तात्या, खरं सांगा. नळ बोलतोय का?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, छे, असं कुठं असतं का! तात्यांनी टोपी काढली, खाली वाकले, नळाला कान लावला. चांगलं मिनिटभर ऐकलं. आणि उठून म्हणाले, "न्हाई पोरी. मला तर काय ऐकू येत न्हाई. आन् आज पाणीच न्हाई आलं, बोलंल कशाच्या जिवावर?"

ती हसली. रडत रडत हसली, पण हसली. मग आपण होऊन चप्पल घातली आणि दीपालीबरोबर डॉक्टरांकडे गेली. गोळी बदलली, आठ-दहा दिवसांत झोप आली.

भावाला हे कळवू नकोस, असं मीच तिला सांगितलं. हो, मीच! ती म्हणाली, "खोटं बोलून तनूला आणली तर रोज खोटं बोलावं लागेल." आणि तिनं स्वतः फोन लावला.

दत्ता म्हणाला, "मग आता मे महिन्यात बघू."

दिवाळीला तिनं कोनाड्यात एक पणती लावली. मला बोलावलं नाही. मी जिन्यातून बघितली.

*

मे महिन्यात तनू आली. आठ दिवसांसाठी. दत्ता सोडायला आला तेव्हा जिन्यातच म्हणाला, "आठ दिवसांनी येतो. तनूला विचारतो. ती राहते म्हणाली तर जूनपासून इथल्या शाळेत घाल. नको म्हणाली, तर मी घेऊन जाणार. चालेल?"

"चालेल," संगीता म्हणाली. कठडा मात्र दोन्ही हातांनी धरला होता.

पोर गुणी! नको इतकी गुणी. सकाळी उठून स्वतःचं अंथरूण घडी करायची. ताटात पडेल ते खायची. तो कॅम्पातला फ्रॉक घोट्यापर्यंत आला, तरी "छान आहे" म्हणाली आणि दिवसभर एका हातानं उचलून धरून फिरली.

तिसऱ्या दिवशी संगीता माझ्या पायरीवर येऊन बसली. म्हणाली, "काकू, तिनं मला विचारलं, पाणी घेऊ का? स्वतःच्या घरातल्या माठातलं पाणी." उठताना म्हणाली, "पाहुणी आलीय हो माझ्याकडे."

दीपालीनं बजावलं होतं, तनूला कोणी काही विचारायचं नाही. मी चार वेळा जीभ चावली. पाचव्या वेळी विचारलंच, पण आडून. "तनू, इथला उकाडा सोसतो का गं?"

"हो."

"आणि पुढच्या महिन्यात पाऊस असतो हं इथं."

"तिकडं पण असतो," ती म्हणाली.

घ्या! आता यातून माणसानं काय समजायचं?

*

सातवा दिवस. दुसऱ्या दिवशी दत्ता येणार. दुपारी मी जरा आडवी झाले होते, तोच वरून धाडकन डबा पडल्याचा आवाज, आणि पाठोपाठ किंकाळी. मग संगीताचा आवाज. इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

म्हटलं, गेलं सगळं! सात दिवस निभावले आणि शेवटच्या दिवशी गेलं!

रंजना वहिनी दीपालीला फोन लावतच बाहेर आल्या. तात्या बनियनवर धावत आले. मी सगळ्यांच्या पुढे. दार वाजवणार, तेवढ्यात ते आतून उघडलं. संगीता. तोंडात रिबीन धरलेली, हातात कंगवा, मागे फरशीवर खोबरेल तेलाचा डबा लोळत होता.

"काही नाही काकू, वेणी घालतेय," ती रिबिनीमागून म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आम्ही तिघं तिथंच. खाली कोण जाणार?

"दुखतंय! सोड ना आई!"

"हलू नकोस मग!"

"मी दोन वेण्या घालणार नाही! गावाकडं मामी एकच घालायची!"

"इथल्या शाळेत सगळ्या पोरी दोन घालतात!"

"मी शाळेत एकच घालून जाणार!"

"दोन!"

"एक!"

"दोन म्हटलं ना!"

"वेडी आहेस तू!"

रंजना वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. तात्यांनी डोळे मिटले. फोनमधून दीपाली "हॅलो, हॅलो" करत होती.

मग आतून संगीताचा आवाज आला.

"असेन! पण वेण्या दोनच!"