मागच्या चाकाचा दगड

निघताना वडिलांच्या, आप्पांच्या, पाया पडलो तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला नाही. ते ट्रकखाली उताणे पडून गिअरबॉक्स वर चढवत होते. बाहेर फक्त दोन पाय होते, टाचांना भेगा आणि एका अंगठ्याला काळं ऑइल. मुंबईच्या विमानतळावर नेणारी गाडी रस्त्याच्या कडेला घरघरत उभी होती, ड्रायव्हरचा दोनदा हॉर्न वाजवून झाला होता. मी नवी कोरी पँट सांभाळत मातीत गुडघे टेकले आणि त्या दोन पायांना हात लावला.

"कोण हाय?" खालून आवाज आला.

"मी. निघतो आप्पा."

"दगड लावलायस न्हवं?"

"लावलाय."

"मग जा. नीट जा."

एवढाच आमचा निरोप. आईनं घरी, केंदूरला, ओवाळून डोळे पुसून घेतले होते. तिथलं सगळं रीतसर झालं होतं. आप्पांचं रीतसर म्हणजे हे. मी पर्थला, ऑस्ट्रेलियाला निघालो होतो आणि त्यांना चिंता होती ती दगडाची.

शिरूरहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी न्हावरा फाट्यावरची आमची जागा नक्की पाहिली असेल, फक्त तिला गॅरेज म्हणावं असं काही तिथं दिसलं नसेल. एक कडुलिंबाचं झाड, एक पत्र्याची पेटी, डिझेलनं भरलेलं एक घमेलं, दोन जॅक आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. वर आभाळ. पाना हलला नाही तर त्याला पाइप लावायचा आणि पाइपलाही नमला नाही तर दोघांनी त्यावर उभं राहायचं. रांजणगावचे कंटेनर, दौंडकडे जाणारे उसाचे ट्रक, कांद्याच्या गाड्या, जे काही त्या रस्त्यावर बंद पडायचं ते ओढत, ढकलत आमच्याकडे यायचं. आप्पा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटून सांगायचे की तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग गेलंय. ते चुकलेले मी फार कमी वेळा पाहिले. चुकले तर दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत, जणू इंजिनानंच त्यांना फसवलं होतं.

त्यांच्या जोडीला दौंडचे रशीदमामा. दोघं वीस-पंचवीस वर्षं एकमेकांना शिव्या देत एका ट्रकखाली झोपत आले. मामांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत आणि दगडाचा नियम त्या दोन बोटांतून आलाय.

आमची जागा मागं उताराची. ट्रकखाली शिरण्याआधी मागच्या चाकामागं दगड लावायचा, हे कुठलाही मेकॅनिक करतो. पण एकदा एका घाईतल्या ड्रायव्हरला वाटलं, काम झालं. मदत करावी म्हणून त्यानं आपणहून दगड बाजूला केला. मामांचा हात अजून आतच होता. ट्रक वीतभरच सरकला. तेव्हापासून आप्पांनी ठरवलं की ज्यानं दगड लावला त्यानंच तो उचलायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि उचलण्याआधी मोठ्यानं विचारायचं, "खाली कोण हाय का?" जो खाली होता त्यानं स्वतः बाहेर येऊन, दोन पायांवर उभं राहून म्हणायचं, "न्हाई कोण. उचल." मगच. मालक समोर बोंबलत असला तरी आधी हे. नवीन ड्रायव्हर हसायचे. मामा त्यांना नुसता डावा हात दाखवायचे.

तर त्या दुपारी तो दगड मी लावला होता. आणि विमानतळावर, बॅग तपासणीच्या रांगेत, माझ्या लक्षात आलं की तो मी उचललेला नाही. तिथूनच फोन लावला. आप्पा शांतपणे म्हणाले, गिअरबॉक्स बसला, गाडी पुढं घेतली आन् गेली. दगड मागं जागच्या जागी हाय. तुझा हाय, तू आल्यावर उचल.

मी हसलो. मला वाटलं म्हातारा गंमत करतोय.

मी दोन वर्षांसाठी निघालो होतो, हे इथं सांगायला हवं. दोन वर्षं काम करायचं, परत यायचं आणि त्याच जागेवर पत्र्याचं शेड, काँक्रीटची जमीन, गाडीखाली उभं राहता येईल असा पिट, सगळं उभं करायचं. उन्हात उताणं पडणं आप्पांचं संपवायचं. हे मी त्यांना सांगितलं होतं, लिंबाखाली बसून, हातात चहा घेऊन. त्यांनी मान हलवली होती. परदेशी गेलेल्यांनो, तुम्हीही असंच काही सांगून निघाला असाल. कुणी फसवायला सांगत नाही, त्या दिवशी ते खरंच असतं.

पर्थच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी मला एक लाल कुलूप मिळालं. त्यावर माझा फोटो आणि नाव. सुपरवायझरनं अर्धा तास समजावलं की मशीनखाली जाण्याआधी प्रत्येकानं त्याच्या बंद स्विचला आपलं लॉक लावायचं, टॅग अडकवायचा, आणि ज्याचं लॉक त्यानंच काढायचं, दुसऱ्या कुणी हात लावला तर नोकरी गेली. त्यानं विचारलं, समजलं का. मी म्हटलं, समजलं. मला एवढं हसू येत होतं की तो जरा नाराजच झाला. ते लोक ज्याला सेफ्टी इंडक्शन म्हणतात, ते मी न्हावरा फाट्यावर करून आलो होतो.

बाकी तिथं सगळं उलट. खाणीतले डंपर आमच्या घरापेक्षा उंच. क्रेन डोक्यावर, मोजून आवळणारे टॉर्क रेंच डब्यात, लॅपटॉप जोडला की इंजिन स्वतःच आपलं दुखणं सांगतं. हाताला काळं लागू नये म्हणून ग्लोव्हज. पहिले काही महिने मला स्वच्छ हात घेऊन घरी जायची लाज वाटायची. पुढं सवय झाली. सवय झाली हे लिहितानाच खरं वाईट वाटतं.

दोनाची चार वर्षं झाली, लग्न झालं, मुलगी झाली, कागदपत्रं कायमची झाली. दर रविवारी फोन. आप्पा पावसापाण्याचं बोलायचे, मामांची एखादी तक्रार सांगायचे आणि शेवटी न चुकता, "दगड हाय बरं का." मग फोन ठेवायचे. मला ते जुन्या थट्टेसारखं वाटायचं. आईनं एकदा सांगितलं तेव्हा कळलं. जागेच्या ऐन मधोमध तो दगड पडलेला, आणि आप्पा येणाऱ्या प्रत्येक ट्रकला वळसा घालायला लावत होते. ड्रायव्हर वैतागायचे. मामांनी एकदा रागानं विचारलं म्हणे, हा दगड हाय का देव? आप्पा म्हणाले, पोराचा हाय.

पाचव्या वर्षी मी गावी गेलो. पहिल्याच सकाळी जागेवर गेलो, बाही वर केली आणि वाकलो. आप्पा पेटीवर बसले होते.

"राहतोयस का?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे."

"मग राहू दे तो."

मी उभा राहिलो.  तीन आठवडे मीही त्या दगडाला वळसा घालून चाललो. त्यानंतरच्या खेपेला तर मी वाकलोही नाही. खरं सांगू? मला तो तिथं असणं बरं वाटायचं. शेडचं मी कधीच विसरलो नव्हतो, फक्त पुढं ढकलत होतो, आणि दगड जागेवर आहे तोवर ते ढकललेलंच आहे, मोडलेलं नाही, असं मला मनात म्हणता यायचं.

अकराव्या वर्षी आईचा फोन आला. रस्ता रुंद होणार होता. लिंब जाणार होता, जागाही जाणार होती. आप्पांचा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता. चार महिने झाले ते ट्रकखाली गेले नव्हते. मामा सणसवाडीत मुलाच्या दुकानात बसायला लागले होते. हे सगळं आप्पांनी एकाही रविवारी सांगितलं नव्हतं. दगड हाय बरं का, एवढंच सांगत होते.

मी दोन आठवड्यांची रजा काढून गेलो. जागेवर पेटी नव्हती, घमेलं नव्हतं. लिंबावर लाल रंगानं तोडणीचा आकडा टाकलेला. मधोमध दगड तेवढा होता, एका बाजूनं मातीत रुतलेला. मामा मुद्दाम बस धरून आले होते. आप्पा काठी टेकून उभे. मी म्हणालो, तुम्ही पर्थला चला, आई आणि तुम्ही. ते म्हणाले, तिथं कुणाच्या गाडीखाली जाऊ. मग त्यांनी काठीनं दगड दाखवला.

"उचल आता."

"आप्पा, मी राहायला नाही आलो."

"ठाव हाय मला. उचल."

मी वाकलो, दोन्ही हात घातले आणि थांबलो. नियम आठवला. 

"खाली कोण हाय का?"

मामांनी मान फिरवली. आप्पांनी काठी सोडली, ती मातीत पडली. ते दोन पायांवर सरळ उभे राहिले, नियमाप्रमाणे.

"न्हाई कोण," ते म्हणाले. "उचल."

मी उचलला. त्या वेळी मला स्पष्ट कळलं की अकरा वर्षांपूर्वी मी त्यांच्या मागच्या चाकाला दगड लावून निघून गेलो होतो आणि ते इतकी वर्षं त्याच्या भरवशावर खाली पडून राहिले होते. आता त्यांनीच बाहेर येऊन मला मोकळं केलं. मला मोकळं व्हायचं नव्हतं. मी दगड पोटाशी धरून रडलो, चाळिशीच्या जवळचा माणूस, हमरस्त्याच्या कडेला, येणारे-जाणारे ट्रक बघत होते. कुठं ठेवू, असं विचारलं, तर आप्पा म्हणाले, कुठंबी टाक, दगडच हाय. मी तो गाडीत घालून केंदूरला घरी आणला.

आईनं तो पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ठेवलाय, वाऱ्यानं झाकण उडू नये म्हणून. ती रोज सकाळ-संध्याकाळ तो उचलते. कुणाला काही विचारत नाही.

घर म्हणजे काय, असं माझी मुलगी शाळेच्या निबंधासाठी विचारत होती. मी तिला केंदूरचा पत्ता सांगितला. दुसरं सांगता येण्यासारखं नव्हतं. इथं पर्थला संध्याकाळी लॉक काढण्याआधी मी अजून मराठीत विचारतो, खाली कोण आहे का, आणि मशीनखाली वाकून बघतो.

रविवारचा फोन अजून होतो. आप्पा पावसाचं सांगतात, खांद्याचं सांगतात, मामा येऊन गेले ते सांगतात. मग जिथं दगडाचं यायचं तिथं जरा थांबतात. मीही थांबतो. "बरं, ठेवतो," ते म्हणतात, आणि ठेवतात.